स्ट्रट घरी बदलायचे, पण स्प्रिंगचं काय करायचं?

आपली जुनी स्विफ्ट, पन्हाळ्याला जाऊन आलं की पुढनं नुसता खडखडाट. आता स्ट्रट (पुढच्या चाकांचे स्प्रिंग बसवलेले शॉकॲब्सॉर्बर) घरीच बदलायचे ठरवलं तर दोन रस्ते आहेत भावा. एक, स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार) आणून सगळंच दारात करायचं. दुसरा, स्ट्रट स्प्रिंगसकट उतरवायचा, कोल्हापुरात उद्यमनगरात कुठल्यातरी गॅरेजला न्यायचा आणि तिथं स्प्रिंग काढून नव्या स्ट्रटवर चढवून आणायची.

उतरवणं दोन्हीत सारखंच. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर ठेवायची, ब्रेकचा पाइप स्ट्रटवरनं सोडवायचा, नकलचे (चाक ज्याच्यावर बसतंय त्या भागाचे) दोन बोल्ट काढायचे (जुन्या गाडीला गंजलेले असतात, आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवा), मग बॉनेटखालचे वरचे नट.

खरा फरक पुढं. स्प्रिंग कॉम्प्रेसरनं दाबून न धरता स्ट्रटच्या दांड्यावरचा मधला नट सोडला तर ती सुटून तोंडावर येती, चेष्टा नाही. कॉम्प्रेसरचे दोन्ही हुक समोरासमोर लावून थोडं इकडं थोडं तिकडं असं आवळत जावं लागतंय, आणि हलक्या कॉम्प्रेसरवर माझा तरी काडीचा विश्वास नाही. गॅरेजात भिंतीला मोठा कॉम्प्रेसर असतोय, दहा-पंधरा मिनिटांचं काम. तोटा एवढाच की गाडी स्टँडवर आणि तुम्ही शेजाऱ्याच्या स्कूटरवर दोन स्ट्रट घेऊन.

मी दुसराच रस्ता धरणार. आणि काहीही करा, दोन्ही बाजू एकदमच बदला, स्ट्रटच्या वरचं माउंट-बेअरिंग पण नवीनच टाका, नंतर चाकांची अलाइनमेंट करावीच लागती.