आधी ‘रिपब्लिक’ घ्यावं की आधी ‘एथिक्स’?

सॉक्रेटिसचा विषाचा प्याला माहीत आहे, इकडचे तिकडचे चार लेख वाचून झालेत आणि आता ग्रीकांचं एखादं मूळ पुस्तक (अर्थात भाषांतरात) नेटानं वाचायचं ठरलंय, अशा वेळी गाडी बहुधा दोन नावांशी अडते. प्लेटोचं ‘रिपब्लिक’ आणि अ‍ॅरिस्टॉटलचं ‘निकोमाखियन एथिक्स’. माणसानं कसं वागावं आणि चार माणसांनी एकत्र कसं राहावं, हाच दोन्हींचा विषय. भागही दोन्हीकडे दहाच. मी आधी प्लेटो वाचला, मग अ‍ॅरिस्टॉटल. क्रम उलटा हवा होता असं आता वाटतं. तुमचं वेगळं होऊ शकेल.

सुरुवातीपुरतं बोलायचं तर प्लेटोला तोड नाही. पिरेअस बंदरावर देवीचा उत्सव पाहून सॉक्रेटिस शहराकडे परत निघालाय, तेवढ्यात पोलेमार्कस या ओळखीच्या माणसाचा नोकर पोऱ्या मागून येऊन त्याचा अंगरखा धरतो आणि सगळे गप्पांना बसतात. थोड्या वेळानं तिथे बसलेला वक्तृत्वाचा शिक्षक थ्रॅसिमॅकस खवळून उठतो: न्याय म्हणजे दुसरं काही नाही, बलवानाचं हित! पुढे युक्तिवादात अडकल्यावर त्याला घाम फुटतो, तो चक्क लाजतो. उन्हाळ्याचे दिवस होते, हेही प्लेटो सांगायला विसरत नाही. पाठोपाठ ग्लॉकॉनची अंगठीची गोष्ट येते. बोटात घातली की माणूस अदृश्य होणार, तर मग सज्जन राहील कोण? हे वाचताना पुस्तक खाली ठेववत नाही.

माझं बिनसलं ते यानंतर. थ्रॅसिमॅकस जवळपास गप्प होतो आणि पुढची शेकडो पानं मुख्यतः ग्लॉकॉन आणि अ‍ॅडिमँटस, म्हणजे प्लेटोचे सख्खे भाऊ, सॉक्रेटिसला उत्तरं देतात. उत्तरं कसली? ‘अगदी खरं.’ ‘निःसंशय.’ ‘दुसरं काय असणार?’ पूजेत भटजींनी खूण केली की यजमान पळीभर पाणी सोडून ‘मम’ म्हणतो, तसं. मी एकदा पेन्सिलीनं समासात खुणा करायला घेतल्या. रांगच लागली, मग सोडून दिलं. बरं, हा ‘मम’ किरकोळ गोष्टींना असता तर चाललंही असतं. सॉक्रेटिस बोलता बोलता एक आदर्श नगर उभं करतो, आणि पाचव्या भागात ते राखणाऱ्या रक्षकवर्गाला कुटुंबच नको असं ठरतं. मुलं सगळ्यांची. कोणी कोणाशी संबंध ठेवायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरणार, आणि त्या चिठ्ठ्यांत राज्यकर्ते गुपचूप फिरवाफिरव करणार. डावललेल्यानं नशिबाला बोल लावावा, राज्यकर्त्यांना नव्हे, यासाठी! इथेही ग्लॉकॉनची मान डोलतेच. मला मात्र तिथे हात वर करायचा होता.

सहाव्या भागात अ‍ॅडिमँटस एकदा बोलून दाखवतो, हे कबूल करायला हवं. तुझ्या प्रश्नांपुढे आम्ही पावलापावलानं थोडे थोडे सरकतो, म्हणतो तो, आणि सोंगट्यांच्या डावात कसलेल्या गड्यापुढे नवख्याची कोंडी व्हावी तशी शेवटी आमची बोलती बंद होते. पण म्हणून तू म्हणतोस ते खरं ठरत नाही. माझ्या मनातलंच बोलला! जाणकार म्हणतात की वाचकानं आक्षेप घ्यावा म्हणूनच प्लेटोनं ही जागा ठेवली आहे. असेलही. पण आक्षेप कसा घ्यायचा हे नवख्याला शिकवणार कोण?

अ‍ॅरिस्टॉटलकडे यातली रंगत शून्य. ना बंदर, ना घाम. वर्गात शिकवायच्या टिपणांसारखं रूक्ष लेखन. पहिला भाग मी दोनदा अर्ध्यात टाकला होता. पण हा माणूस आधी लोक काय म्हणतात ते मांडतो, त्यातली अडचण दाखवतो आणि मग आपलं मत देतो, तेही ‘या विषयात गणितासारखा नेमकेपणा मागू नका’ असं बजावून. सद्गुण म्हणजे अति आणि कमी यांच्यामधला मध्यममार्ग, असं तो मानतो; पण हा मध्य म्हणजे अंकगणित नव्हे, हे तो कसं सांगतो बघा. दहा मिना (हे तिकडचं वजनाचं माप) अन्न फार होतं, दोन थोडं होतं, म्हणून तालमीतला वस्ताद सरसकट सहा मिना वाढत नाही. मायलो पैलवानाला ते कमी पडेल आणि नव्या पोराला जड जाईल.

पाचव्या भागातली शिशाची पट्टी तर माझ्या उपयोगी पडली. लेस्बॉसच्या बांधकामात दगडाच्या आकाराप्रमाणे वाकणारी पट्टी वापरत. कायदा सरसकट असतो, म्हणून तो जिथे अपुरा पडतो तिथे कायदा करणारा स्वतः हजर असता तर काय म्हणाला असता, ते बघावं. मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो आणि बाहेरच्यांची गाडी रात्री आत लावायची नाही असा आमचा ठराव होता. वॉचमननं एका आजारी आजींकडे रात्रपाळीला येणाऱ्या नर्सची स्कूटर अडवली. ठराव करताना नर्स कुणाच्या डोळ्यांसमोरच नव्हती. सभेत मी अ‍ॅरिस्टॉटलचं नाव घेतलं नाही, पण पट्टी वाकवली.

अ‍ॅरिस्टॉटलची बाजू लंगडी पडते ती त्याच्या ‘पॉलिटिक्स’ या पुस्तकात. तिथे तो काही माणसं स्वभावतःच गुलाम असतात असं म्हणतो. स्त्रियांच्या बाबतीत प्लेटो कितीतरी पुढे. त्याच्या नगरात त्या रक्षक होतात, राज्यही करतात. हे पारडं हलकं करायचा माझा इरादा नाही. फक्त एक नोंदवतो: गुलामगिरी निसर्गाविरुद्ध आहे, ती बळजबरी आहे, असं म्हणणारे लोक आहेत, हे अ‍ॅरिस्टॉटल तिथेच लिहून ठेवतो. मला त्यांच्या बाजूला जाऊन बसता आलं. आणि त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या भागात प्लेटोच्या सामाईक मुलांना माझ्या मनातलं उत्तरही सापडलं: असा हजारांतला मुलगा असण्यापेक्षा कुणाचा तरी खराखुरा चुलतभाऊ असलेलं बरं! वीसेक वर्षं प्लेटोच्या अकादमीत काढलेल्या माणसाचं हे उत्तर आहे.

तर ‘एथिक्स’ घेतलंत तर पहिल्या पानापासून सुरू करू नका, माझ्यासारखं होईल. आठवा आणि नववा भाग आधी वाचा. दोन्ही मैत्रीवर आहेत. कामापुरती मैत्री, मजेपुरती मैत्री आणि माणूस चांगला आहे म्हणून केलेली मैत्री, असे तीन प्रकार तो करतो, आणि तिसरीला वेळ लागतो म्हणतो, कारण सोबत मीठ खाल्ल्याशिवाय माणूस कळत नाही अशी तिकडे म्हण होती. (आपण खाल्ल्या मिठाला जागतो ते बहुतेक धन्यासाठी. त्यांचं मीठ बरोबरीच्या दोघांमधलं.) मग दुसरा, मग पाचवा. पहिला सगळ्यात शेवटी. ‘रिपब्लिक’चा पहिला भाग मात्र केव्हाही वाचा, एका बैठकीत होतो.