गाडी बसते, बिल फुगतं

रात्री सरळ उभी केलेली ट्रॅव्हल्सची बस सकाळी मागून डावीकडे बसलेली. गॅरेजने डावा बेलो (गाडीचं वजन पेलणारी हवेची रबरी पिशवी) बदलला, "जोडीनेच बदलावे लागतात" म्हणून उजवाही. गाडी पुन्हा बसली. मग बिलात ओळ वाढली: लेव्हलिंग व्हॉल्व्ह ओव्हरहॉल, किटसह. हा व्हॉल्व्ह बेलोत हवा भरून-सोडून गाडीची उंची राखतो; किट म्हणजे त्याच्या आतल्या रबराचा नवा संच. गळती थांबली खरी, पण महिन्याभरात रिकामी गाडी डावीकडे उंच राहू लागली. दुसऱ्या मिस्त्रीने व्हॉल्व्ह खोलला, तर आत जुन्याच चपट्या ओ-रिंगा आणि एक्झॉस्टच्या, म्हणजे हवा बाहेर सोडायच्या, तोंडात चक्क बोल्ट!

यातली पहिली चलाखी पेट्रोलची. नवं किट न टाकता अख्खा व्हॉल्व्ह पेट्रोलमध्ये बुडवला की आतलं नायट्राइल रबर फुगतं आणि काही दिवस हवा धरतं. पेट्रोल उडालं की तेच रबर आकसतं, कडक होतं, गळती परत येते. दुसरी चलाखी बोल्टची, आणि ती धोक्याची. प्रवासी उतरल्यावर बेलोतली जास्तीची हवा एक्झॉस्टच्या, म्हणजे ३ नंबरच्या, तोंडातूनच सुटते. ते बुजवलं की गाडी चढलेलीच राहते, शॉक ॲब्सॉर्बर शेवटपर्यंत ताणले जातात.

बेलो बदलायला होकार देण्याआधी अर्धा तास द्या. हवेची टाकी ८ बार दाबाला भरा, इंजिन बंद करा, गाडी स्थिर होऊ द्या. साबणाचं पाणी बेलोच्या घड्यांवर, पाइपच्या जोडांवर आणि एक्झॉस्टच्या तोंडावर लावा. फक्त तोंडावरच बुडबुडे आले तरी लगेच व्हॉल्व्हला दोष देऊ नका. ॲक्सलला व्हॉल्व्हच्या लिव्हरशी जोडणारा लिंक रॉड वाकला असला तरी हवा सुटते. रॉड सोडवून लिव्हर मधल्या स्थितीत धरा. तरीही बुडबुडे आले तर एक्झॉस्टची सीट, म्हणजे हवा अडवणारी बैठक, गेली. तोंड कोरडं, पण टाकी रिकामी करताच ती बाजू बसते? मग व्हॉल्व्हच्या आतला नॉन-रिटर्न (हवा उलट जाऊ न देणारी झडप) हवा टाकीकडे परत सोडतोय. दोन्हींत बेलोचा काही संबंध नाही.

रॉड सोडवण्याआधी चासीखाली घोड्या (लोखंडी टेकू) लावा. हवा अचानक सुटली तर खाली शिरलेल्या माणसाला बाहेर यायला वेळ मिळत नाही.

किट नीट टाकायचं तर आधी सगळं रबर काढायचं, मगच धातूचे भाग रॉकेलने धुऊन हवेने कोरडे करायचे. सीटला पॉलिश पेपर लावू देऊ नका. तिथे ओरखडा पडला की नवं किटही गळतं. नव्या रिंगांना सिलिकॉन ग्रीसचा हलका हात पुरे.

काम समोर बसून करून घ्या, काढलेलं रबर मागून घ्या आणि ३ नंबरचं तोंड स्वतः बघा. आत काळा तेलकट चिखल निघाला तर हवेतला ओलावा काढणाऱ्या ड्रायरचं कार्ट्रिज बदला, कॉम्प्रेसर तेल फेकतोय का तेही तपासा. नाहीतर नवं किटही त्याच चिखलात बसेल.