इंग्रजी नामासाठी कुठली डिक्शनरी उघडायची?

गूगलवर शब्द टाकला की वरती जी चौकट येते ती ऑक्सफर्ड लँग्वेजेसची असते, घाईत तेवढं पुरतं. पण अर्थ, उगम आणि वापर हे तिन्ही हवं असेल तर एकाच डिक्शनरीवर भागत नाही, आणि लोक नेमकी नको ती उघडतात, म्हणजे लिहायचा असतो साधा ईमेल आणि बसतात ओईडी (ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी) चाळत.

ओईडी म्हणजे थोरली ऑक्सफर्ड. १८८४ पासून तुकड्या-तुकड्यांनी छापत पहिली आवृत्ती पूर्ण व्हायला १९२८ उजाडलं. ती अर्थ जुन्याकडून नव्याकडे लावते, हीच तिची मजा आणि हीच अडचण. डेडलाइनचंच बघा ना, अमेरिकन यादवी युद्धातल्या कैदी छावण्यांमध्ये एक रेघ असायची, कैद्याने ती ओलांडली की गोळी, हा १८६४ च्या सुमाराचा अर्थ. मुदत हा अर्थ विसाव्या शतकात अमेरिकन वर्तमानपत्रांच्या बोलीतून रूढ झाला. म्हणजे ओईडीत आधी कैदी, मग मुदत. वाचायला भारी, पण वर्गणी भरावी लागते (काही लायब्ररींच्या सभासदांना फुकट मिळते, तेवढं विचारून बघा).

नुसता उगम हवा असेल तर डग्लस हार्परची एटिमऑनलाइन ही वेबसाइट फुकट आहे, मला तीच पुरते. न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ हे जे फॉरवर्ड फिरत असतं ना, ते तिथे दोन मिनिटांत निकालात निघतं, शब्द सरळ न्यू वरून आलाय. मेरियम-वेबस्टर अधलीमधली, उगम थोडक्यात देते आणि पहिल्या वापराचा काळही, पण स्पेलिंग अमेरिकन.

आता वापर. इथे मात्र लर्नर्स डिक्शनरीच, वाद नको. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, त्यांनी इंग्रजी शिकणाऱ्या परक्यांसाठी केलेली डिक्शनरी १९४२ ला तिथे निघाली आणि १९४८ ला ऑक्सफर्डने काढली, तीच आजची अॅडव्हान्स्ड लर्नर्स. नाम मोजता येतं की नाही हे ती शब्दाशेजारीच सांगते, म्हणून फर्निचर्स, अॅडव्हायसेस, इन्फर्मेशन्स असले प्रकार टळतात. आपण डेडलाइन पाळतो म्हणून इंग्रजीत 'फॉलो द डेडलाइन' लिहून मोकळे होतो, तिथे दिसतं की ते 'मीट द डेडलाइन' आहे. आणि न्यूजला एस असूनही 'इज'च लागतं. लाँगमन पण चांगली, व्याख्या साधारण २००० सोप्या शब्दांत असतात. कोबिल्ड अख्ख्या वाक्यात अर्थ सांगते, काहींना ते फार लांबण वाटतं, मला आवडतं.

परीक्षा, ऑफिस, ईमेल यासाठी विचारत असाल तर आधी अॅडव्हान्स्ड लर्नर्स, वेबसाइटवर फुकट आहे. ओईडीचे पैसे भाषांतर किंवा जुनं साहित्य वाचणाऱ्यानेच भरावेत.