विश्रामबागेतील दक्षिणी कुंग फूचा वर्ग: आठ महिन्यांचा अनुभव

सांगलीत वाढलेल्या माणसाला पवित्रा म्हणजे काय, हे तालमीत न उतरताही ठाऊक असते. तरीही विश्रामबागेतील या वर्गात पहिले सहा आठवडे मी जवळजवळ फक्त उभे राहायला शिकलो. ‘दक्षिणेची मूठ, उत्तरेची लाथ’ अशी चिनी म्हण आहे. दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग आणि फुजियान प्रांतांतील शैलींचा हातांवर आणि जमिनीत रुतलेल्या पायांवर असलेला भर सर अजिबात घाई न करता अंगी मुरवून घेतात.

सुरुवात हुंग गार या शैलीने होते. घोडेस्वाराच्या पवित्र्यात मांड्या जवळपास जमिनीला समांतर, पाठ ताठ आणि मुठी कमरेशी ठेवून उभे राहिले की मिनिटाभरात पोटऱ्या थरथरू लागतात. सर मात्र शेजारी उभे राहून गुडघा आत कलतो आहे का, एवढेच पाहत असतात. पुढे वाघाच्या पंजाची पकड आणि क्रौंचाच्या चोचीचा आघात येतो, तेव्हा त्या उभे राहण्याचे मोल कळते.

मला सर्वांत भावली ती विंग चुन ही दुसरी शैली. येथे पवित्रा आखूड, पावले आत वळलेली आणि कोपर छातीच्या मध्यरेषेकडे ओढलेले असते. ‘ची साओ’ या सरावात दोघांनी मनगटे एकमेकांना टेकवून हात फिरवत राहायचे असते. एकदा सरांनी माझे डोळे रुमालाने बांधले आणि समोरच्याचा दाब सैल पडताच माझा हात आपोआप पुढे गेला. मातीतला पैलवान अंगाला अंग लागताच डाव ओळखतो, तीच ही जाण आहे. सरावासाठी तीन हात आणि एक पाय असलेला लाकडी ओंडकाही वर्गात आहे, पण त्याचा एक हात खिळखिळा झालेला असून सांगूनही दुरुस्त झालेला नाही.

चोय ली फुट मात्र येथे उणे पडते. चान हेउंग यांनी 1836 मध्ये स्थापन केलेल्या या शैलीत हात खांद्यापासून लांब, गोल फिरतात आणि आमच्या खोलीत ते भिंतीला लागतात. हा सराव मोकळ्या मैदानावरच घ्यायला हवा. शिवाय विंग चुन एका भिक्षुणीने निर्माण केले, ही दंतकथा येथे इतिहास म्हणून सांगितली जाते, हे मला खटकते. इप मान (1893–1972) यांनी ती शैली हाँगकाँगमध्ये शिकवून दूरवर पोहोचवली, एवढा नोंदलेला इतिहासही विद्यार्थ्याला पुरेसा प्रेरक आहे.

गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी तो आधीच सांगावा. माझ्याबरोबरच्या एका काकांचा पवित्रा सरांनी स्वतः वितभर उंच करून दिला होता. वर्ग सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी सकाळी सहाला भरतो.