लहानग्यांचे पोळपाट-लाटणे: शोभेचे नव्हे, वापराचे

पोळ्या लाटायला घेतल्या की दोन वर्षांचे मूल परातीत हात घालणारच, हे ज्या घरांना ठाऊक आहे, त्यांनी भातुकलीतले तळहाताएवढे पोळपाट न घेता साधारण सहा इंच व्यासाचे, रंग न दिलेल्या लाकडाचे पोळपाट-लाटणे घ्यावे, असे माझे मत आहे. मुलांच्या हातांना पेलतील अशी, पण खरोखर काम करणारी साधने द्यावीत, हा १९३९ साली भारतात आलेल्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मोंटेसरी यांचा आग्रह या जोडाला नेमका लागू पडतो. आमच्याकडील पोळपाट तीन पायांवर पक्के बसते आणि बऱ्यापैकी जड असल्यामुळे मुलीने अंगाचा सगळा भार टाकला तरी सरकत नाही. लाटण्याची टोकेही गोल घासलेली आहेत. रंगीत, चकचकीत जोड दिसायला सुरेख असतो, परंतु या वयात लाटणे चावले जाणारच, म्हणून तो टाळावा.

उणीव आहे ती पायांच्या सांध्यांत. तेथे कणीक अडकून वाळते आणि ती काढण्यासाठी पोळपाट पाण्यात भिजवले तर लाकूड तडकण्याची भीती असते, त्यामुळे ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवणे हाच उपाय उरतो. स्वयंपाकाला वेळ अर्थातच अधिक लागतो, आणि मुलीने लाटलेली ती मळकट पोळी भाजूनही द्यावी लागते. लाटणे सुटे विकत मिळाले असते तर बरे झाले असते, कारण सोफ्याखाली हरवते ते तेच.