शीड की गळ? पावसाळ्यात घ्यायचा समुद्री गेम

१ जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते, ती थेट ३१ जुलैपर्यंत. होड्या झापांनी शाकारून वर काढलेल्या, तारकर्लीचं स्कुबा बंद, पर्यटक आपापल्या गावी. साधारण याच दिवसांत, जूनच्या अखेरीस, स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानाचा उन्हाळी सेल लागतो आणि मालवणात ओळखीची पोरं विचारायला लागतात: समुद्राचा गेम घ्यायचाय, कुठला घेऊ? त्यावर मी आधी उलट विचारतो. घरात फायबर आहे की मोबाइलचा हॉटस्पॉट? लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे का? आणि तुला जहाज हाकायचंय, मासे मारायचेत की नुसत्या तोफा डागायच्यात?

घाई असेल त्याच्यासाठी उत्तर इथेच देऊन टाकतो. साधा लॅपटॉप आणि बेभरवशाची वीज असेल तर ‘ड्रेज’. चांगलं नेट आणि वेळेवर येणारे मित्र असतील तर ‘सी ऑफ थीव्ज’. एकट्यालाच शिडाचं जहाज, लढाया आणि गोष्ट असं सगळं हवं असेल तर ‘ब्लॅक फ्लॅग’. पुढे वाचायचं ते कारणांसाठी, आणि ही कारणं माझ्या आवडीनिवडीची आहेत हे धरूनच वाचायचं.

सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते ‘असॅसिन्स क्रीड ४: ब्लॅक फ्लॅग’चं. गेम २०१३ चा, पण समुद्र अजूनही देखणा. एडवर्ड केनवे नावाचा वेल्श समुद्री चाचा, त्याचं ‘जॅकडॉ’ हे जहाज, आणि हवाना, किंग्स्टन, नसाऊ अशी बंदरं. शिडं सोडली की खलाशी गाणी म्हणायला लागतात. ती गाणी वाढवायची तर बंदरात वाऱ्यावर उडणाऱ्या कागदांमागे छपरांवरून पळावं लागतं. हा पोरकटपणा मला मनापासून आवडला. शत्रूचं जहाज तोफांनी लंगडं करायचं, बाजूला जाऊन आकडे टाकायचे, त्याच्यावर उड्या घ्यायच्या आणि लुटीच्या लाकडा-लोखंडातून आपलं जहाज मजबूत करायचं, हे चक्र एकदा हातात बसलं की जेवायला हाक मारलेली ऐकू येत नाही.

जहाज म्हणून मात्र जॅकडॉ जरा जास्तच शहाणं आहे. एका बटणावर शिडं उघडतात, दुसऱ्यावर मिटतात, वारा कुठूनही असो, गलबत सांगितल्या दिशेला पळतं. जमिनीवरच्या मोहिमांत कुणाचा तरी लपतछपत पाठलाग करत त्याचं बोलणं ऐकायचं, हे इतक्या वेळा येतं की कंटाळा येतो. अधूनमधून गेम तुम्हाला आजच्या काळातल्या एका ऑफिसात नेऊन बसवतो. तो भाग भराभर उरकावा.

आपल्याकडच्या माणसाला या गेममध्ये एक वेगळी गंमत सापडते. गोष्ट सुरू होते १७१५ मध्ये आणि पुढची काही वर्षं चालते. नेमकी हीच वर्षं कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराची. त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय या किनाऱ्यावरून व्यापारी जहाज जाऊ शकत नव्हतं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. इंग्रज कान्होजींना चाचा म्हणत, आपण सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख म्हणतो. केनवेला किल्ल्यावर तोफा डागताना पाहिलं की विजयदुर्गाच्या बुरुजावरून उलट मारा कसा होत असेल, हे डोळ्यांसमोर येतंच. कुणीतरी हा गेम करावा असं मला फार वाटतं, पण तो आज दुकानात नाही, तेव्हा पुढे जाऊ.

हिंदी महासागराचं नाव ऐकून कुणी ‘स्कल अँड बोन्स’कडे वळत असेल, तर थांबावं. ‘ब्लॅक फ्लॅग’ करणाऱ्या युबिसॉफ्टचाच हा गेम, बरीच वर्षं रखडून फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. आफ्रिकेचा किनारा आहे, ईस्ट इंडीज आहे. पण शत्रूच्या जहाजावर उडी घ्यायची वेळ आली की एक छोटं दृश्य दिसतं आणि माल आपोआप आपल्या खात्यात जमा होतो. शिवाय एकट्याने खेळतानाही सतत नेट लागतं. दोघांत निवडायचं असेल तर जुनाच घ्या.

आता ‘सी ऑफ थीव्ज’. रेअर या ब्रिटिश कंपनीचा, २०१८ चा. चित्रं कार्टूनसारखी, म्हणून पुष्कळ जण त्याला पोराटोरांचा समजून सोडून देतात. पण जहाज हाकणं म्हणजे काय, हे या सगळ्यांत त्यालाच कळलंय. नांगर उचलायचा तर चक्राला धरून ढकलत फिरायचं. शिडं सोडायची वेगळी, आणि वाऱ्याकडे वळवायची वेगळी. नकाशा खाली टेबलावर असतो, सुकाण्यावरून तो दिसत नाही. चौघांच्या मोठ्या गॅलियनवर तर शिडांमुळे सुकाणूवाल्याला समोरचंही दिसत नाही, पुढे उभ्या राहिलेल्याने ओरडून सांगायचं. भोक पडलं तर फळी ठोका, पाणी बादलीने उपसा. वादळात शिरलात की होकायंत्र गरगरायला लागतं, चाक हातातून ओढ घेतं आणि पावसाचं पाणी तळात साचत जातं. माझे काका आयुष्यभर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. त्यांना गेमबिम काही कळत नाही, पण मी खेळताना मागून आवाज आला, “अरे, वारो खंयसून येता ता बघ आदी!” ‘ब्लॅक फ्लॅग’ खेळताना ते एकदाही बोलले नव्हते.

लूट मिळाली म्हणून ती तुमची झाली असं इथे नाही. बेटावरच्या दुकानदाराला ती विकेपर्यंत दुसरं कुठलंही जहाज येऊन ती हिसकावू शकतं, आणि त्या जहाजावर तुमच्याआमच्यासारखी खरी माणसं असतात. सगळी धडधड त्यातच आहे. पैशांतून मिळतं ते फक्त दिसणं: शिडांचे रंग, कपडे, टोप्या. जुन्या खेळाडूच्या तोफेत तुमच्यापेक्षा जास्त दारू नसते, हे मला फार न्याय्य वाटतं. दोघांसाठी स्लूप, तिघांसाठी ब्रिगॅन्टाइन, चौघांसाठी गॅलियन. स्लूप एकट्यालाही चालवता येते, पण दमछाक होते. परक्या लुटारूंची भीती नको असेल तर ‘सेफर सीज’ नावाचा प्रकार डिसेंबर २०२३ पासून आहे, बक्षिसं मात्र कमी.

कोकणात अडतं ते इथेच. सेफर सीज असो वा नसो, नेट हवंच. जुलैत आमच्याकडे माडाची एक झावळी तारेवर पडली की वीज गेली, वीज गेली की राउटर गेला, आणि न विकलेली लूट समुद्रात. राउटरला छोटा यूपीएस लावलेला नसेल तर हा गेम दिवाळीनंतर घ्यावा. मित्रांचंही तसंच. मुंबईतले दोघे, पुण्यातला एक आणि तुम्ही, अशी मंडळी शनिवारी रात्री नक्की जमणार असतील तरच मजा आहे.

या जहाजांच्या गेमबद्दल माझी एक तक्रार सामायिक आहे. भरती-ओहोटी मला कुठेच दिसली नाही. पुनवेचं उधाण नाही, अष्टमीचा भांग, म्हणजे कमी चढणारी भरती, नाही, खाडीच्या तोंडावर पाणी चढायची वाट बघत थांबणं नाही. ज्या किनाऱ्यावर होडी कधी काढायची हे भरती ठरवते, तिथल्या माणसाला हे सारखं खटकत राहतं.

मासे मारायचे असतील तर खरी लढत ‘ड्रेज’ आणि ‘डेव्ह द डायव्हर’ यांच्यात. दोन्ही २०२३ चे. एक न्यूझीलंडच्या ब्लॅक सॉल्ट गेम्सचा, दुसरा कोरियातल्या मिंटरॉकेटचा.

‘ड्रेज’मध्ये तुम्ही एका बेटावर येऊन आदळता आणि तिथला महापौर तुम्हाला होडी देतो, उधारीवर. पहिली कमाई कर्जात जाते. इथवर वाचून आमच्याकडचे हसतात, कारण होडीचं कर्ज काय ते सांगावं लागत नाही. होडीची जागा चौकटींमध्ये मोजलेली. इंजिन, गळ, जाळं सगळं त्यातच, आणि मासे वेगवेगळ्या आकाराचे, ते फिरवून फिरवून बसवायचे. खडकाला धडकलात तर चौकटी फुटतात आणि त्यातला माल जातो. मासा ताजा असेल तर पूर्ण भाव, शिळा झाला की कमी, कुजला की संपलं. हर्णैचा संध्याकाळचा लिलाव ज्याने पाहिलाय त्याला हे गणित शिकवायला नको. वेळ तुम्ही हललात किंवा गळ टाकलात तरच पुढे सरकतो, त्यामुळे विचार करायला उसंत मिळते.

रात्र झाली की गेम रंग बदलतो. अंधारात जास्त वेळ राहिलात तर मनात भीती चढते, आणि दिवसा नसलेले खडक समोर उभे राहतात. काही मासे रात्रीच मिळतात, काही विद्रूप निघतात आणि त्यांनाच जास्त भाव येतो. म्हणजे भीती वाटत असतानाही तुम्ही बंदरावर परतत नाही. खारफुटीच्या भागातून होडी काढताना मला आमच्या कर्ली नदीचं तोंड आठवलं, आणि तिथे रात्री कुणी का जात नाही तेही. किंचाळणं, रक्त असलं फारसं नाही. शेवट थोडा घाईत उरकलाय आणि चार-पाच संध्याकाळींनंतर नव्या माशाचं अप्रूप कमी होतं. पण धक्क्याला लागलात की गेम सेव्ह होतो, नेट लागत नाही, साध्या लॅपटॉपवर चालतो, आणि २०२५ पासून मोबाइलवरही आहे. पावसाळ्यासाठी याहून सोयीचं मला काही सापडलेलं नाही.

‘डेव्ह द डायव्हर’ उलट स्वभावाचा. दिवसा जाडजूड डेव्ह ‘ब्लू होल’मध्ये बुडी मारून भाल्याने मासे मारतो, रात्री त्याच माशांची सुशी वाढतो. प्राणवायू हाच जीव. तो संपला तर पकडलेल्यातली एकच वस्तू हाती राहते. मासा जिवंत धरला तर मांस जास्त आणि दर्जा वरचा. रात्रीच्या गर्दीत चहा बरोबर कपाच्या रेघेपर्यंत ओतायचा, वसाबी किसायचा, ताटं उचलायची. ज्यांच्या घरी खानावळ आहे त्यांना सुट्टीतही हेच करावंसं वाटेल का, ते त्यांनी ठरवावं. सुरुवात अप्रतिम आहे. मध्यावर मात्र शेती, मत्स्यपालन, लपाछपीच्या मोहिमा असं इतकं काही भरत जातं की मूळ बुडी मारायची मजा पातळ होते. वाचायला इंग्रजी मजकूर बराच आहे, हेही लहान भावंडांसाठी घेताना लक्षात ठेवा. दोघांत मी ‘ड्रेज’ घेईन. घरात दहा-बारा वर्षांचं मूल खेळणार असेल तर ‘डेव्ह’.

एक नाव कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो: ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. लुकास पोप या एकट्या माणसाने केलेला, २०१८ मध्ये आलेला, जुन्या कॉम्प्युटरसारखा दोनच रंगांत दिसणारा. ईस्ट इंडिया कंपनीचं बेपत्ता झालेलं जहाज १८०७ मध्ये परत आलंय, रिकामं. तुम्ही विम्याचे तपासनीस. जहाजावरच्या ६० जणांपैकी कोण कसं गेलं हे एका घड्याळाच्या मदतीने मरणाच्या क्षणात शिरून शोधायचं. उत्तर बरोबर आहे हे गेम तीन-तीन मिळूनच सांगतो, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही. खलाशांत हिंदुस्थानी माणसं आहेत. कंपनीच्या जहाजांवर रत्नागिरीकडचे ‘लास्कर’ म्हणवले जाणारे खलाशी पिढ्यान्‌पिढ्या जात होते, त्यामुळे ते चेहरे ओळखायचा प्रयत्न मी जरा जास्तच चिकाटीने केला. जहाज इथे हाकायचं नाही, वही-पेन घेऊन बसायचं आहे. ‘ड्रेज’ आवडला आणि पैसे उरले तर दुसरा हाच.

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. ‘ड्रेज’ दोन तासांत तुम्हाला स्वतःबद्दल सगळं सांगून टाकतो, ‘सी ऑफ थीव्ज’ तुमच्या नेटबद्दल. ‘ब्लॅक फ्लॅग’चं तसं नाही. सुरुवातीचा बराच वेळ जमिनीवर जातो आणि जॅकडॉ हाती येईपर्यंत ते दोन तास संपलेले असू शकतात, तेव्हा तो सेलमध्ये स्वस्त झाल्यावरच घ्या.