जॅमर का जाळी? कळंब्याच्या वाटेवर पडलेला प्रश्न

काल कोल्हापूरच्या कळंबा जेलच्या बाजूनं जाताना मित्र म्हणला, ड्रोननं आत मोबाईल, गांजा टाकायला लागले तर जॅमर लावायचा, विषय संपला. एवढं सोपं न्हाई भावा. बहुतेक ड्रोन 2.4 न्हाईतर 5.8 गिगाहर्ट्झवर चालतात, जॅमर तो सिग्नल तोडतो, पण घरचं वायफाय पण त्याच पट्ट्यात, म्हणजे शेजारच्या कॉलनीनं काय करायचं? आणि आधीच रूट फीड केलेलं ड्रोन रिमोटशिवाय जीपीएसवर येतंय, मग जीपीएस पण जॅम करत बसा. इंग्लंड-फ्रान्सच्या मधल्या समुद्रातल्या गर्न्सीच्या जेलनं 2017 ला भिंतीभोवती असली सिस्टीम बसवली, पण ते छोटं बेट, आपल्याकडं भिंतीला लागून वस्ती.

जेलच्या पटांगणावर वरनं घातलेल्या जाळीला ह्यातलं काही कळत न्हाई, लाईट गेली तरी ती आपली जागेवर. पुडी वरच अडकती, ड्रोननं दोरी सोडून खिडकीत माल दिला तर जाळी खिडकीवर पण पायजे. पटांगणभर खांब रोवायला खर्च दणकून येणार, आणि आपला जुलैतला पाऊस बघितलाय न्हवं, पाला साठून मधोमध झोळी होणार, ती कोण झाडणार?

तरी मी आधी जाळीच घालीन, निदान खिडक्यांना तरी.